त्रेसष्ट नंबरच्या खुर्चीची साक्ष

कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयात एकशे वीस खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या एकूण एक खुर्चीची बैठक वेतकाकांच्या हातची होती. काकांना दिसत नसे. सहाव्या वर्षी तापात दृष्टी गेली, आणि त्याआधीचं आठवे ते एवढंच, की घराचं दार निळं होतं. निळं म्हणजे कसं ते मात्र विसरलो, असं ते स्वतःच हसत सांगत. अंधशाळेतल्या मास्तरांनी त्यांच्या हातात वेताची ओली पट्टी दिली आणि म्हणाले, ही तुझी वही, गिरव. काका पुढे पन्नास वर्षं गिरवत राहिले.

कॉलेजच्या कुठल्याही हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. वार्षिक परीक्षा संपली, मुलं आपापल्या घरी गेली, की सहा आठवडे ते यायचे आणि ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात बसकण मारायचे. शेजारी पाण्याची बादली, तिच्यात भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या, मांडीवर भोकं मोकळी करायचा टोचा आणि तोंडात लाकडी खुंट्या. पट्टी चौकटीच्या भोकातून ओढली की ती निसटू नये म्हणून खुंटी मारायची. तोंडात खुंट्या असल्यामुळे काका सकाळभर बोलत नसत, आणि नव्या प्राध्यापकांना वाटे, काय गंभीर माणूस आहे. खुंट्या संपल्या की त्यांचा गैरसमजही संपे. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, वर पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि शेवटी दोन्ही अंगांनी तिरक्या. एका खुर्चीला दोन दिवस लागत. वेत वाळला की आपोआप ताणला जातो. मग काका बैठकीला टिचकी मारून कान देत. टणक आवाज आला की खुर्ची पास.

त्या व्हरांड्यातल्या जुन्या दिवसांची आठवण निघाली की काकांचा चेहरा आजही सैल होतो. ओल्या वेताचा वास, आतल्या कपाटांतून येणारा जुन्या कागदाचा वास, उंच छतावरच्या पंख्यांची आपापली कुरकुर. प्रत्येक पंख्याचा आवाज त्यांना वेगळा ओळखू यायचा. दुपारी शिपाई दोन कप चहा घेऊन यायचा, आणि एक कप पिऊन झाल्यावर दुसरा काकांना द्यायचा; तोवर तो कोमट झालेला असे. त्या शिपायाला सगळे हवालदार म्हणत, कारण त्याचा आवाज पोलिसाला शोभेल असा होता आणि शांतता राखण्याचं काम तो त्याच आवाजात करी. 'शांतता' हा शब्द त्या दालनात सर्वांत मोठ्याने उच्चारणारा माणूस तोच.

आणि ग्रंथपाल बाई होत्या. बाई कडक. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं तर दुमडणाऱ्याचा कान दुमडला जाईल, अशी ख्याती. एका सुट्टीत काकांनी त्यांना विचारलं, बाई, एकेचाळीस नंबरवर कोण बसतं हो? बाईंना वाटलं, काहीतरी तक्रार आहे. तक्रार नव्हती. त्या खुर्चीच्या पुढच्या कडेला, खालच्या अंगाने, जिथे बसलेल्याची बोटं पोचतात तिथे, पट्ट्या तुटलेल्या होत्या. झिजून तुटलेली पट्टी हाताला गुळगुळीत लागते. नखाने उचकटून तोडलेलीला कुसळं असतात. "हे पोर आतून पोखरलं जातंय बाई," काका म्हणाले. "वर पुस्तक उघडं असणार आणि खाली बोटं चाललेली असणार."

बाईंनी सुट्टीनंतर पाहिलं, तर एकेचाळीस नंबरवर एक मुलगा बसायचा. त्याचे वडील त्या वर्षी गेले होते आणि कॉलेजात कुणाला पत्ता नव्हता. बाईंनी त्याला काही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, रोज तासभर ही पुस्तकांची कार्डं क्रमाने लावायला माझ्या खोलीत येत जा. आठव्या दिवशी कार्डं लावता लावता मुलगा रडला आणि महिन्याभराने अभ्यासाला लागला.

तिथून रिवाजच पडला. दर महिन्याच्या एक तारखेला, ग्रंथालय बंद झालं की काका यायचे आणि एकशे वीस खुर्च्यांच्या कडांवरून हात फिरवायचे. खुर्च्यांना पितळी नंबर होते, आणि मुलांनी कुठेही ओढल्या तरी हवालदार रोज संध्याकाळी पुटपुटत त्या जागच्या जागी लावायचा. तासाभराने काका बाईंना तीनचार नंबर सांगत आणि बाई ते एका चिठ्ठीवर लिहून घेत. मुलांचं मानसिक स्वास्थ्य वगैरे शब्द तेव्हा जन्मायचे होते. एक आंधळा विणकर, एक खडूस बाई आणि एक चिठ्ठी, एवढ्यावर काम चाललं होतं.

चुका होत नव्हत्या असं नाही. अठरा नंबरची खुर्ची दोन वर्षं सारखी उचकटलेली लागायची. तिथे बसणाऱ्या मुलीला बाईंनी जीव लावला. कार्डं लावायला बोलावलं, स्वतःच्या डब्यातलं खायला दिलं, एकदा तर तिच्या घरी जाऊन आईला भेटून आल्या. मुलगी बिचारी गोंधळलेली, पण नाही कशी म्हणणार? मग एका दुपारी बाई अवचित दालनात आल्या, तर अठरा नंबरवर हवालदार पाय पसरून बसलेला, जेवण झालेलं, आणि बोटाने वेताची काडी मोडून दात कोरतोय. दोन वर्षं ती खुर्ची म्हणजे त्याची दातकोरण्यांची खाण होती. बाई महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. मुलीला मात्र त्यांनी कार्डं लावायला बोलावणं थांबवलं नाही. मला काहीच झालं नव्हतं, पण मला कुणी इतकं विचारलंही नव्हतं, असं ती कॉलेज सोडताना म्हणाली. काका ही गोष्ट सांगताना अजून पोट धरून हसतात.

त्यांच्या स्वतःच्या मुलाची गोष्ट मात्र ते सांगत नाहीत.

मुलगा एकुलता एक. त्याचं याच कॉलेजात नाव घातलं, त्या सुट्टीत काकांनी त्याच्यासाठी जागा हेरली. इतर बाप पोरांसाठी साहेबांकडे वशिला लावतात. काकांचा वशिला खुर्च्यांपाशी होता. खांबाशेजारची त्रेसष्ट नंबरची खुर्ची. तिथे खिडकीचा वारा लागतो, दाराची ये-जा लागत नाही, आणि वरचा पंखा कुरकुरत नाही. तिची बैठक त्यांनी निवडक पट्ट्यांनी विणली, दोनाऐवजी तीन दिवस लावले, आणि पोराचा हात धरून त्याला तिथे नेलं. ही तुझी, म्हणाले, बस आणि शीक.

नेमक्या त्याच वर्षी बाई निवृत्त होऊन भावाकडे दुसऱ्या गावी गेल्या. नवे ग्रंथपाल आले ते संगणकाच्या पडद्यामागे बसले. माणूस चांगला, पण खुर्च्या किती आहेत यात त्यांना रस, खुर्चीत कोण आहे यात नाही. काकांची एक तारीख मात्र चुकली नाही. सांगायला कुणी उरलं नव्हतं, तरी सवय होती. शिवाय आता त्यांना एका खुर्चीची विशेष ओढ होती. पहिलं वर्ष सरलं, त्रेसष्ट नंबरवर एक कुसळ नाही. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, पोरगा खुशीत आहे. दुसरं वर्ष सरलं, तरी तेच. काका शेजाऱ्यांना सांगू लागले, आमच्या पोराला अभ्यासाचा ताण म्हणून माहीत नाही. पोरगा सकाळी डबा घेऊन जायचा आणि दिवेलागणीला परतायचा. घरी फारसं बोलायचा नाही, पण त्या वयात कोण बोलतं?

तिसऱ्या वर्षी निकाल लागला आणि मुलगा तीन विषयांत नापास झाला.

दुसऱ्या दिवशी काका काठी टेकत एकटेच ग्रंथालयात गेले. बासष्ट नंबरच्या बैठकीला झोळ आलेला. चौसष्टला झोळही आणि कुसळंही. त्रेसष्टला टिचकी मारली, तर ती विणली त्या दिवशीसारखी टणक वाजली. तीन वर्षं माणूस बसलेली खुर्ची अशी वाजत नाही. ज्या शाबूत कडेला काका इतके दिवस सुखाची खूण समजत होते ती भलतीच खूण निघाली होती.

संध्याकाळी ते मुलाला म्हणाले, "तू तिथे बसलाच नाहीस. तीन वर्षं डबा घेऊन कुठे उंडारत होतास?"

मुलगा एकदाच म्हणाला, "बसत होतो."

"खुर्ची खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

काकू मध्ये पडल्या, पण दोघांनीही त्यांना दाद दिली नाही. महिन्याभरात तो दुसऱ्या शहरात एका छापखान्यात कामाला लागला. हुशारीने वर चढला, लग्न केलं, संसार थाटला. वर्षातून दोनदा यायचा. आईशी स्वयंपाकघरात तासन्‌तास बोलायचा आणि बापाशी हवापाणी आणि औषधं. अठरा वर्षं तिसरा विषय निघाला नाही. वाईट वागला असता तर भांडता तरी आलं असतं. पण तो काकांच्या चपला दारातून उचलून आत आणून ठेवायचा, आणि काकांना त्याचंच जास्त लागायचं. खुर्ची खरी धरली तर मुलगा खोटा, आणि मुलगा खरा धरला तर आपले हात खोटे. या हातांच्या भरवशावर त्यांनी दुसऱ्यांच्या शंभर पोरांबद्दल बाईंना सांगितलं होतं. ते सगळंच खोटं का? यातून सुटका नव्हती, म्हणून काकांनी त्रेसष्ट नंबरला हात लावायचं सोडून दिलं. सुट्टीत आजूबाजूच्या खुर्च्या विणल्या जात, ती तशीच राही. तिची वीण पुढे फाटली, तेव्हा हवालदाराने वर पुठ्ठा टाकला.

आणि मग यंदा ग्रंथालयाचं नूतनीकरण निघालं.

म्हणजे झालं असं, की कॉलेजने मुलांना एक फॉर्म भरायला दिला: तुम्हाला ग्रंथालयात कसं वाटतं? निम्म्यांनी लिहिलं, गुदमरल्यासारखं. एकाने लिहिलं, मागच्या जन्मी काहीतरी केलं असणार असं. समिती बसली, पैसे मंजूर झाले, आणि हातात मोजपट्टी घेतलेली एक तरुण आर्किटेक्ट सकाळ-संध्याकाळ दालनात दिसू लागली. रंग फासून बंद झालेल्या खिडक्या उघडायच्या, आवाज गिळणारा गालिचा टाकायचा, कुंड्या ठेवायच्या, मन मोकळं करायला समुपदेशकाची खोली, पाठ टेकायला मऊ खुर्च्या. नकाशात डुलकी काढायलाही एक कोपरा होता. पूर्वी कुणी डुलकी काढली की हवालदार टेबलावर पट्टी आपटायचा. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी तो रोज व्हरांड्यात येऊन बसायचा, कारण घरी सुनेला त्याचा आवाज सोसवत नव्हता. नकाशातला तो कोपरा ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

काकांनाही वाटलं होतं की ही पोरगी आता आपल्याला नारळ देणार. पण ती समजूतदार निघाली. हवालदाराने तिला एक तारखेची सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली होती, फक्त दातकोरण्यांचा भाग गाळून. ती काकांजवळ जमिनीवरच बसली आणि म्हणाली, उत्तरेच्या खिडक्यांपाशी मला चोवीस जुन्या खुर्च्या ठेवायच्या आहेत. बाकीच्या शाळांना जातील. चोवीस तुम्ही निवडा आणि विणून द्या. काकांनी एकच अट घातली: दोरी लावून शोभेला ठेवायच्या असतील तर मी विणणार नाही, बसायला ठेवणार असाल तर विणतो. तिने कबूल केलं. मग तिने विचारलं, खुर्चीवरून मुलाचं मन ओळखायला मला शिकवाल? काका म्हणाले, शिकवीन की, पंधराएक वर्षं लागतील. अशी बढाई त्यांनी खूप दिवसांत मारली नव्हती.

तेवीस खुर्च्या त्यांनी एका दिवसात निवडल्या. चोविसाव्या खुर्चीचा नंबर रोज कुणीतरी विचारी आणि काका रोज म्हणत, बघू. हवालदाराला कळत होतं की हा कुठल्यातरी एका खुर्चीला वळसा घालून चालतोय, पण का ते कळत नव्हतं. काकूंना कळत होतं. एवढ्या एका खुर्चीसाठी किती वर्षं झुरणार, त्या घरी म्हणाल्या. ठेवा नाहीतर टाका, पण एकदाचा निकाल लावा. काका म्हणाले, टाकली तर पोराला बसायला दिलेली जागा टाकल्यासारखी होईल. ठेवली तर रोज नवं पोर तिच्यावर बसेल आणि ती मला रोज खिजवेल. काकू म्हणाल्या, मग त्यालाच विचारा. काका उठून बाहेर गेले.

त्याच आठवड्यात सुतारांनी खांबाजवळचं भिंतीचं कपाट हलवलं. साठ वर्षांत ते कुणी हलवलं नव्हतं. मागून धूळ निघाली, कुणाची ओळखपत्रं, पेनांची टोपणं, आणि एक फळी. कचऱ्याच्या ढिगात जायची ती, पण थोरल्या सुताराने उलटून पाहिली आणि त्याला तिची बनावट आवडली. तो ती घेऊन व्हरांड्यात आला. आर्किटेक्ट तिथेच उभी होती. सुतार म्हणाला, काका, खांबाजवळच्या कपाटामागे हे निघालं, तुमच्या खुर्च्यांपैकी काही आहे का बघा बरं, माप तसंच दिसतंय.

काकांनी फळी मांडीवर घेतली. हलकं लाकूड, खोक्याबिक्याचं. पुढे रुंद, मागे निमुळती, खुर्चीच्या बैठकीसारखी. खालच्या बाजूला चार कडांना चार पट्ट्या ठोकलेल्या, म्हणजे खुर्चीवर ठेवली तर ती लाकडी चौकटीवर टेकेल आणि मधल्या वेताला स्पर्शही होणार नाही. पट्ट्यांना खाली जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवलेले, चौकटीच्या पॉलिशलाही ओरखडा जाऊ नये म्हणून. एवढी काळजी कुणी घेतली? काकांनी विणून तयार असलेल्या खुर्चीवर ती ठेवून पाहिली. डुगडुगली. दुसरीवर ठेवली, बसेचना. त्या खुर्च्या जुन्या कारागिराने हाताने केलेल्या. दोन खुर्च्यांत बोटभर फरक असायचाच. मग काका हवालदाराला म्हणाले, त्रेसष्ट आण.

हवालदाराने खुर्ची आणली, वरचा पुठ्ठा काढला. काकांनी फळी ठेवली आणि ती डब्यावर झाकण बसावं तशी बसली.

"ही होय," हवालदार म्हणाला. "ही तर तुझ्या पोराची. रोज आल्यावर कपाटामागून काढायचा, खुर्चीवर ठेवायचा आणि वर बसायचा. जाताना परत आत. तीन वर्षं. मी उठवेपर्यंत उठायचा नाही तो. मला वाटलं तूच करून दिलीस. म्हटलं, काय माणूस आहे, स्वतःच्या पोरालासुद्धा आपल्या वेतावर बसू देत नाही."

काकांचा हात सवयीने फळीच्या पुढच्या कडेला गेला होता आणि कडेखालून फिरत होता. तिथे लाकूड खरवडलेलं होतं. एका नखाने नव्हे, आठही बोटांनी, इकडून तिकडे. मधोमध तर बोट बसेल एवढी खाच पडलेली. लाकडाला एवढी खाच पाडायला किती दिवस लागतात, ते काकांना सांगायला दुसरं कुणी नको होतं. एकशे वीस खुर्च्यांत असं पोखरलेलं त्यांच्या हाताला कधी लागलं नव्हतं.

आर्किटेक्टने हळूच विचारलं, कोण बसायचं इथे?

"माझा मुलगा."

"त्याला त्रास होता?"

"मी विचारलं नाही," काका म्हणाले. फळी बाजूला ठेवून ते म्हणाले, "मला शिकवा म्हणाली होतीस ना पोरी? खुर्च्या चाचपत बसू नका. विचारा पोरांना. आम्हाला विचारायचा धीर नव्हता, म्हणून आम्ही खुर्च्या धुंडाळल्या." मग चोविसावी त्रेसष्ट, एवढं सांगून त्यांनी टोचा पिशवीत टाकला आणि भर दुपारी ते घरी गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात. काकांच्या बाबतीत दिवा स्वतःच आंधळा होता, असं हवालदार त्यांच्या पाठीमागे म्हणाला. पण त्याचाही आवाज त्या दिवशी बारीक होता.

घरी काकूंनी फोन लावून दिला. छापखान्यात जेवणाची सुट्टी चालली होती. मुलाने आधी विचारलं, आईला बरं आहे ना? बापाचा फोन म्हणजे आईला काहीतरी झालं, असाच हिशेब होता त्याचा.

"आई बरी आहे," काका म्हणाले. "तुझी फळी सापडली."

पलीकडे डबे खाणाऱ्यांचा गलका ऐकू येत होता. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

"अजून आहे ती?" मुलाने विचारलं.

काकांनी विचारलं, त्या दिवशी बोलला का नाहीस?

"काय बोलायचं होतं बाबा? दिवसभर बसलो आणि तरी नापास झालो, असं? त्यापेक्षा उंडारलो हेच बरं वाटलं. उंडारणारा मुलगा मनावर घेतलं तर पास तरी होऊ शकतो."

फळी कशाला केलीस, असं काकांनी विचारलं. तो म्हणाला, तुम्ही सुट्टीत संध्याकाळी घरी यायचात तेव्हा तुम्हाला शर्टाची बटणंही काढता यायची नाहीत, आई काढून द्यायची. बोटांना सगळीकडे चिरा. तुम्हाला त्या दिसायच्या नाहीत, मला दिसायच्या. सगळ्यांची पोरं बसून बसून फाडतात आणि बाबा पुन्हा विणतात. म्हटलं, एक तरी खुर्ची परत विणायला लागू नये.

काकांना वाटलं, आता ठेवावा फोन, एवढं पुरे. पण ते म्हणाले, "फळी नसती ना, तर मला कळलं असतं रे."

"माहीत आहे. तुम्ही बाईंना नंबर सांगायचात ते मला लहानपणापासून माहीत होतं." मग तो म्हणाला, "शेवटच्या परीक्षेला आठ दिवस होते. काही डोक्यात शिरत नव्हतं. तेव्हा मी एकदा फळी काढून ठेवली. म्हटलं, चार पट्ट्या तोडतो. एक तारखेला बाबा येतील, हात फिरवतील, त्यांना कळेल. तासभर नख लावून बसलो होतो बाबा. तुमची वीण मला तोडवली नाही."

आयुष्यात एवढी सुबक वीण आपण घालायला नको होती, असं काकांना त्या क्षणी वाटलं.

"आता सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"तेव्हा जे सांगायचं होतं ते. पहिल्या वर्षापासून सांग."

मुलगा म्हणाला, सुट्टी संपत आलीय. मग फोन लांब धरून त्याने आत कुणालातरी ओरडून सांगितलं की मला यायला उशीर होईल, मशीन तुम्ही सुरू करा. परत आला आणि म्हणाला, पहिल्या सत्रात गणिताच्या तासाला काय झालं, तिथून सांगतो. तो सांगू लागला. काकूंनी मागे खुर्ची आणून ठेवली आणि काकांच्या खांद्याला हात लावून खुणावलं, पण ते बसले नाहीत, उभ्यानेच ऐकत राहिले.